लाळ्या-खुरकूत एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जाते कशी आणि अडवायची कुठे

लाळ्या-खुरकूत झालेली गाय ओळखायला डॉक्टर लागत नाही. अंगात ताप, पुढ्यातला कडबा तसाच पडलेला, तोंडातून लाळेच्या तारा, ओठांचा चपचप आवाज. जबडा उघडून पाहिलं तर जिभेवरचा फोड फुटून सालपट निघालेलं, आणि पुढच्या दिवसाभरात ती पाय झटकत लंगडायला लागते. दूध एकदम निम्म्यावर येतं. मग सगळी धावपळ सुरू होते. डॉक्टरांना फोन, तोंड धुणं, खुरांना औषध. हे सगळं करायलाच हवं, त्यानं त्या गाईला आराम पडतो. पण साथ अडवायची म्हणाल, तर लाळ गळताना दिसेपर्यंत पहिली संधी निघून गेलेली असते.

कारण असं की विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण २ ते १४ दिवस जातात. या मधल्या काळात गाय खाते, रवंथ करते, दूध देते, दिसायला ठणठणीत असते. आणि फोड दिसायच्या आधीच तिच्या लाळेत आणि दुधात विषाणू उतरू शकतो. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही तिला आजारी म्हणता, त्याच्या आदल्या दिवशीचं दूध डेअरीत पोचलेलं असतं, तिच्या गव्हाणीतली उष्टी वैरण शेजारच्या म्हशीनं खाल्लेली असते, धार काढणारा माणूस त्याच हातांनी आणखी दोन गोठे करून आलेला असतो.

या विषाणूचा जोर समजून घेण्यासारखा आहे. लाळ, दूध, शेण, मूत्र, वीर्य, श्वास, सगळ्यातून तो बाहेर पडतो, आणि निरोगी जनावराच्या श्वासातून त्याचा अगदी थोडा अंश आत गेला तरी पुरतो. दुभंगलेल्या खुराचं प्रत्येक जनावर त्याच्या तावडीत सापडतं: गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, डुक्कर. शेळ्या-मेंढ्यांत लक्षणं इतकी हलकी असतात की मेंढ्यांचा कळप रानात बसून गेला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस यानं आजारी पडत नाही असंच धरून चाला, पण माणूस हा विषाणू वाहून मात्र उत्तम नेतो. चपलेला लागलेल्या शेणातून, बाहीवरच्या लाळेतून, इतकंच काय, आजारी जनावरांत वावरलेल्या माणसाच्या नाका-घशातसुद्धा तो दिवसभर टिकू शकतो. उन्हाळ्यात रखरखीत मातीत तो काही दिवसांतच मरतो. हिवाळ्यात ओलसर शेणात, सावलीतल्या कडब्यात आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो.

आता मराठवाड्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा आणि जनावरं वर्षभर कुठून कुठे जातात ते बघा. उदगीरजवळच्या हळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैलांसाठी शेजारच्या राज्यांतूनही गिऱ्हाईक येतं. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी, देवणी, म्हशी, घोडे, उंट एका माळावर उतरतात. दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. तिथे कोप्यांच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांच्या, आजूबाजूला अनेक गावांचे बैल महिनोन्‌महिने एकत्र राहतात आणि हंगाम संपला की आपापल्या गावी परततात. दुष्काळ पडला की चारा छावण्या लागतात, २०१८-१९ मध्ये लागल्या तशा, आणि तिथे एरवी कधी एकमेकांचं तोंड न पाहिलेली जनावरं एकाच हौदावर पाणी पितात. यातलं काहीही बंद करा असं मी म्हणणार नाही. हा आपला संसार आहे. पण रोगाच्या वाटा याच आहेत, आणि त्या आपण चालवतो, रोग चालवत नाही. बाजार, यात्रा, कारखाना, छावणी यांच्या तारखा आपल्याला महिनाभर आधी ठाऊक असतात, म्हणजे रोग कधी येऊ शकतो हेही आधी ठाऊक असतं.

बाजारातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे कुणी बघतच नाही. विकत आणलेल्या नव्या गाईबद्दल लोक थोडेफार सावध असतात. पण बाजारात नेलेली आणि भाव न पटल्यामुळे परत आणलेली आपलीच गाय? ती सकाळी सहाला टेम्पोत चढली. त्याच टेम्पोत आधी कुणाची जनावरं होती माहीत नाही. दिवसभर दावणीला दोन्ही बाजूंना परकी जनावरं. व्यापाऱ्यानं वय बघायला एका बैलाचं तोंड उघडलं, दातांवरून बोट फिरवलं, हात धोतराला पुसला आणि त्याच हातानं तुमच्या गाईचा जबडा धरला. संध्याकाळी ती घरी आली की आपली म्हणून सरळ नेहमीच्या जागी बांधली जाते. तिच्यापासूनचा धोका नव्या गाईइतकाच आहे.

दोघींना उपाय एकच, वेगळं बांधणं. किमान तीन आठवडे, जमलं तर महिना. पुस्तकात विलगीकरणाचा स्वतंत्र गोठा लिहिलेला असतो, आपल्याकडे दोन गाई-एक म्हैसवाल्याकडे तेवढी जागा नसते हे खरं आहे. पण शेतातलं लिंबाचं झाड असतं. त्याखाली बांधा, तिची बादली वेगळी ठेवा, वैरण-पाणी घरच्या जनावरांचं उरकल्यावर शेवटी करा, धार शेवटी काढा आणि नंतर हातपाय-चप्पल धुऊनच गोठ्यात या. हा क्रम, आधी निरोगी आणि शेवटी संशयित, एवढा जरी पाळला तरी अर्धं काम होतं. त्याला पैसा लागत नाही, फक्त रोजचा कंटाळा बाजूला ठेवावा लागतो.

लसीकडे येऊ. लाळ्या-खुरकूतीच्या विषाणूचे जगात सात प्रकार आहेत. आपल्या देशात सध्या ओ, ए आणि एशिया-१ हे तीन सापडतात, आणि एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला चालत नाही. म्हणून ‘मागच्या साली येऊन गेली, आता येणार नाही’ हा भरवसा खोटा ठरतो. सरकारी लसीत तिन्ही प्रकार असतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ही लस दर सहा महिन्यांनी मोफत टोचली जाते. वासराला चार महिन्यांचं झाल्यावर पहिला डोस, महिन्यानं दुसरा, मग दर सहा महिन्यांनी. चार महिने थांबायचं कारण चिकातून मिळालेली आईची प्रतिकारशक्ती. ती अंगात असेपर्यंत लस नीट लागत नाही. महिन्यानंतरचा दुसरा डोस आपल्याकडे सर्रास चुकतो, आणि एकच डोस झालेली कालवड मालकाच्या हिशेबात ‘लस झालेली’ असते, प्रत्यक्षात तिचं संरक्षण कच्चं असतं.

गावातल्या किती जनावरांना टोचलं म्हणजे साथ थांबते? याचं गणित सोपं आहे आणि ते प्रत्येक पशुपालकाला कळायला हवं. समजा, लस नसलेल्या गावात एक आजारी जनावर सरासरी सहा जनावरांना रोग देतं. त्या सहांपैकी पाच सुरक्षित असतील तर ते फक्त एकाला देईल, तो एक पुढच्या एकाला. साथ वाढणार नाही, रेंगाळेल. ती विझायला सहांत पाचांहून जास्त, म्हणजे शंभरात ८३ हून जास्त जनावरं सुरक्षित हवीत. आता दुसरी गोष्ट. टोचलेलं प्रत्येक जनावर सुरक्षित होतंच असं नाही. कुठे लस उन्हात राहिली, कुठे फ्रीजरमध्ये गोठली (ती २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवावी लागते, गोठली तरी बाद), कुठे जनावर अशक्त होतं. समजा, शंभर टोचल्यावर ८५ ना खरं संरक्षण मिळालं. मग ८३ सुरक्षित हवीत तर टोचायला किती लागतील? जवळपास ९८. हे आकडे उदाहरणाचे आहेत, पण त्यांचा अर्थ खरा आहे. ‘गावात बऱ्यापैकी लसीकरण झालं’ हे पुरेसं नसतं. रानात वणवा अडवायला जाळपट्टा काढतात, त्यात मध्ये दहा हात वाळलं गवत राहिलं तर आग तेवढ्यातूनच पलीकडे जाते.

ते राहिलेलं गवत कुठे असतं? ‘गाभण आहे, टोचू नका’, ‘दूध कमी होतं’, ‘आमचं जनावर दावणीवरून हलतच नाही’. लाळ्या-खुरकूतीची लस मेलेल्या विषाणूची असते, गाभण जनावराला ती चालते. फक्त दिवस भरत आलेल्या गाईला पाडून-दाबून, दमवून टोचू नये, शांतपणे धरावं. दूध एक-दोन दिवस थोडं कमी होऊ शकतं, हे लपवायचं कारण नाही. लपवलं की लोकांचा विश्वास जातो. पण खुरकूत आलेल्या गाईचं त्या वेताचं दूध पुष्कळदा परत भरूनच येत नाही, कासदाह होतो, गाभण राहायला त्रास होतो. संकरित गाई बऱ्या झाल्यावरही कित्येकदा धापायला लागतात, उन्हाचा तडाखा त्यांना सोसत नाही, अंगावर केस वाढतात. मराठवाड्याच्या मे महिन्यात अशी धापणारी गाय दारात असली म्हणजे काय होतं, ते ज्याच्याकडे आहे त्याला विचारा. आणि लहान वासरं तर फोड यायच्या आधीच दगावतात, कारण त्यांच्यात विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर घाव घालतो. संध्याकाळी आईला पिणारं वासरू सकाळी मेलेलं आढळतं आणि लोक साप चावला म्हणतात.

तरीही रोग आलाच तर? पहिलं काम सांगणं. प्राण्यांतील संसर्गजन्य व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २००९ नुसार अशा रोगाचा संशय येताच खबर देणं मालकाचं कर्तव्य आहे, आणि रोगट जनावर बाजारात नेणं हा गुन्हा आहे. पण कायद्याच्या कलमानं हा प्रश्न सुटत नाही, कारण तो पैशाचा आहे. आजार कळताच गोठ्यातली अजून न लागलेली जनावरं मिळेल त्या भावात काढून टाकायची, हा विचार नुकसानीत आलेल्या माणसाच्या मनात येतो. तो दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. पण त्यानं काढून टाकलेली ती ‘निरोगी’ जनावरं नेमकी त्या २ ते १४ दिवसांच्या काळातली असतात, आणि व्यापाऱ्याच्या टेम्पोतून ती चार तालुके ओलांडतात. साथ एका गावातून जिल्ह्यात जाते ती बहुतेक अशीच. २०२२ मध्ये लम्पीत, म्हणजे अंगावर गाठी येणाऱ्या विषाणूच्या रोगात, दगावलेल्या जनावरांना राज्य सरकारनं मदत दिली: दुधाळ गाईला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,००० रुपये. ती मेलेल्या जनावराची होती. खुरकूतीत मोठं जनावर सहसा मरत नाही, दूध जातं, आणि गेलेल्या दुधाला कुठलीच भरपाई नाही. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या दिवशी खबर देणाऱ्याला आणि महिनाभर जनावर न विकणाऱ्याला काहीतरी हातात मिळालं पाहिजे. ते होत नाही तोवर निदान गावानं त्या गोठ्याला वाळीत टाकल्यासारखं वागवू नये. नाहीतर पुढचा माणूस तोंड उघडणार नाही.

डॉक्टरांना बोलावताना फोड ताजे असतील तर फार बरं. फोडाचं सालपट किंवा पाणी नमुना म्हणून औषध लावण्याआधी घेतलं तर ते पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेत पाठवून विषाणूचा प्रकार कळू शकतो, आणि आपली लस त्याला लागू आहे का हे त्यावरून ठरतं. दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकासाठी फोन करता येतो.

मग गोठ्याचं फाटक. धुण्याचा सोडा दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम घाला, पोतं भिजवून दारात टाका, येणारा-जाणारा त्यावर पाय ठेवूनच जाईल असं बघा. हा विषाणू फार आंबट किंवा फार सोड्याच्या पाण्यात टिकत नाही, म्हणून हा स्वस्तातला उपाय खरोखर चालतो. नेहमीच्या फिनाईलवर मात्र विसंबू नका, या विषाणूवर त्याचा म्हणावा तसा परिणाम होत नाही. आणि शेण खरवडून काढल्याशिवाय वरून कितीही सोडा ओतला तरी विषाणू शेणाच्या थराखाली सुखरूप राहतो. आधी खराटा, मग पाणी, मग सोडा.

दुधाचं काय? उकळलेल्या दुधातून माणसाला भीती नाही. भीती कॅनची आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-वाशी भागात खव्याच्या भट्ट्यांवर आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून दूध येतं. भट्टीवर ते तासभर आटतं, त्यात विषाणू राहत नाही. पण रिकामे कॅन एकत्र रचले जातात, एकाचं झाकण दुसऱ्याला जातं, आणि मोटारसायकलवर परत वीस गोठ्यांत जातात. संकलन केंद्राचंही तेच. साथीच्या दिवसांत कॅनवर रंगानं नाव घाला, आतून-बाहेरून सोड्याच्या गरम पाण्यानं धुऊन मग स्वच्छ पाण्यानं खळबळून घ्या, आणि गाडीवाल्याला गोठ्यात न येता रस्त्यावर कॅन घ्यायला सांगा. आजारी गाईचं कच्चं दूध वासराला किंवा कुत्र्याला देऊ नका. रेतन करायला येणारे, खुरं साळणारे, पेंडेची पोती टाकणारे, आणि खुद्द डॉक्टर, सगळ्यांना पाय धुवायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही.

साथ सुरू असताना लस टोचायची असेल तर लांबच्या वस्त्यांपासून सुरुवात करून आजारी गोठ्याकडे यायचं, उलट नाही. आणि प्रत्येक जनावराला नवी सुई. एकाच सुईनं ओळीनं दहा टोचली आणि त्यातलं तिसरं आतून लागलेलं असलं, तर पुढच्या सातांना रोग आपणच टोचला.

लम्पीची वाट वेगळी आहे. तो मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरतो, म्हणून दारातला सोडा तिथे अपुरा पडतो. उकिरडा गोठ्यापासून लांब नेणं, साचलेलं पाणी काढणं, गोचीड मारणं, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, आजारी जनावराला मच्छरदाणी, हे तिथलं काम. पण माशी काही जिल्हे ओलांडत नाही. लांबची उडी लम्पीसुद्धा टेम्पोतूनच मारतो. म्हणूनच २०२२ मध्ये राज्यभर जनावरांचे बाजार बंद करावे लागले आणि शेळीच्या देवीची लस गाईंना टोचावी लागली. गाठींच्या गळून पडलेल्या खपल्यांत तो विषाणू महिनाभराहून जास्त टिकतो, त्या झाडून जाळाव्यात.

तिसरी वाट सगळ्यांत गुपचूप आहे. ब्रुसेला. गाय बाहेरून धडधाकट दिसते आणि सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते. जंतू असतात त्या गर्भात, पाण्यात आणि वारेत. आपल्याकडे वार उकिरड्यावर टाकतात, काही गावांत गोणपाटात बांधून झाडाला टांगतात. कुत्री ती ओढत गावभर नेतात. शिवाय अडकलेली वार उघड्या हातानं ओढायची पद्धत आहे, आणि हा रोग माणसालाही होतो: येत-जात राहणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे धरणं, ज्याचं निदान महिनोन्‌महिने लागत नाही. हातमोजे घाला. वार आणि गर्भ खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. लस फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना, आयुष्यात एकदाच. ती जिवंत जंतूंची असल्यानं गाभण गाईला किंवा गोऱ्ह्याला देत नाहीत. गाय विकत घेताना रक्ताची तपासणी मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा.

खुरकूतीतून उठलेली गाय बरी दिसली तरी तिच्या घशात विषाणू पुढे कित्येक महिने राहू शकतो. अशा जनावरातून रोग लागण्याची शक्यता कमी असते, पण साथ ओसरल्या ओसरल्या ते बाजारात उभं करू नये. शेवटचं जनावर बरं झाल्यावर निदान महिनाभर गावातून जनावर बाहेर जाऊ न देणं हे ग्रामसभेत ठरवता येतं. त्याच ग्रामसभेत कानात बिल्ला असलेल्या जनावरांची यादी वाचून घ्या, कुणाची लस राहिली ते नावानिशी काढा, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बैलांना निघायच्या निदान तीन आठवडे आधी लस मिळेल अशी तारीख दवाखान्यातून घ्या. दिवाळीनंतर गाड्या निघतात, तेव्हा ही तारीख दसऱ्याच्या आधीच मागावी लागते.